बाहेरच्या भिंतीला कुठला क्रीम? शेडकार्डाआधी कौलं, जोतं आणि ऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळ रस्त्याला लागून नवं दीड मजली घर, दर्शनी बाजू पश्चिमेला. पोर्चवर मंगलोरी कौलं, पुढच्या बाजूच्या जोत्याला काळा दगड, खिडक्या कॉफी रंगाच्या पावडर कोटिंगच्या. आईंना क्रीम हवा, मुलाला ग्रे. तुमचं स्वतःचं म्हणणं, रंग ऊबदार हवा पण भडक नको आणि चार वर्षांत मळका दिसायला नको. दुकानातून आणलेल्या शेडकार्डात चाळीसेक क्रीम-बेज निघाले, सगळे सारखेच वाटताहेत आणि दिवाळी तोंडावर आली म्हणून पेंटर घाई करतोय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या घराला क्रीम शोभणार नाही आणि ग्रेही नाही. बदामी आणि मातकट यांच्या मधला, पिवळी-तपकिरी झाक असलेला आणि काळ्याचा थोडा अंश मिसळून शांत केलेला रंग मुख्य भिंतींना घ्या. शेडकार्डावर तो तुम्हाला हवा त्यापेक्षा दीड-दोन घरं, म्हणजे पट्टीवरचे चौकोन, गडद आणि जरा उदास वाटेल. तसाच वाटायला हवा. खिडक्यांभोवतीचे पट्टे आणि छज्जांचे खालचे भाग दुधाच्या साईच्या रंगाचे ठेवा. पांढराशुभ्र कुठेच नको. आणि पेंटरला सांगा, दिवाळी झाल्यावर ये.

आता कारणं. घराचा रंग निवडताना लोक शेडकार्डापासून सुरुवात करतात. शेडकार्ड अगदी शेवटी उघडायचं असतं. घरात ज्या गोष्टींचा रंग आता बदलता येणार नाही त्यांची यादी आधी करा: कौलं, जोत्याचा दगड, खिडक्या, पायऱ्यांचा ग्रॅनाइट, अंगणातले पेव्हर ब्लॉक. भिंतीचा रंग यांच्याशेजारी नांदायचा आहे. भिंतीचा रंग कधीच एकटा दिसत नाही. शेजारच्या ठळक रंगाच्या उलट बाजूला डोळा त्याला ढकलतो. कौलांच्या तांबड्याशेजारी कुठलाही फिका, मंद रंग थोडा हिरवट दिसायला लागतो. म्हणजे ज्या बेजमध्ये मुळातच हिरवी झाक आहे, आणि शेडकार्डातले निम्मेअधिक 'स्टोन', 'सँड' नावाचे रंग त्याच जातीचे असतात, तो कौलाखाली शेवाळ धरल्यासारखा दिसतो. दुकानात तो फार देखणा वाटलेला असतो, कारण तिथे शेजारी कौल नसतं.

गुलाबी झाकेच्या बेजचं दुखणं वेगळं. तो कौलांच्या तांबड्याशी जुळेल असं वाटतं, पण कौलांचा तांबडा नारिंगीकडे झुकलेला आणि बेजची गुलाबी जांभळ्याकडे झुकलेली. जवळ आले की दोघंही बेसूर होतात. तुम्हाला पिवळी-तपकिरी झाक सुचवली ती या दोन्ही खड्ड्यांच्या मधून जाणारी वाट म्हणून. दुसरं म्हणजे तुमच्या जोत्याचा दगड. आपला काळा पाषाण नीट बघितला तर निळसर राखाडी असतो, पावसात भिजल्यावर तर नक्कीच. त्याच्याशेजारी भिंतीतला पिवळेपणा आपोआप वाढतो. म्हणजे ऊब तुम्हाला डब्यातून विकत आणायची गरज नाही, अर्धी ऊब जोतंच देणार आहे. म्हणूनच भिंतीचा रंग उदास वाटेल इतका शांत घ्यायला सांगतोय.

हेच घर दुसऱ्या सामानाचं असतं तर उत्तर बदललं असतं. वर निळा कोटेड पत्रा असता तर तोच बदामी नारिंगी दिसला असता, तेव्हा मी आणखी राखाडीकडे सरकायला सांगितलं असतं. खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसी प्लास्टिकच्या असत्या तर क्रीम मुळीच नको म्हटलं असतं. ते पांढरं निळसर असतं आणि त्याच्यापुढे क्रीम धुवायचा राहिलेला दिसतो. कोकणात जांभ्याची उघडी भिंत किंवा गडगा असेल तर घराला कुठलाच तपकिरी लावू नये, सरळ मोतिया घ्यावा आणि जांभ्याला बोलू द्यावं.

झाक ओळखायची कशी? एकेकट्या शेडकडे बघून ती कळत नाही, सगळेच 'क्रीमच' दिसतात. शेडकार्डातल्या पट्टीवर फिक्याकडून गडदाकडे जाणारे सहा-सात रंग असतात. तुमची शेड फिकी असेल तर त्याच पट्टीतली सर्वांत गडद शेड बघा. ती मोहरीसारखी पिवळी आहे, विटकरी आहे, शेवाळी आहे की मातीची, ते तिथे उघड होतं. फिक्या शेडमध्ये तेच लपलेलं असतं आणि दोन हजार चौरस फुटांवर पसरलं की बाहेर येतं. दुसरी युक्ती, साधा कोरा कागद शेजारी धरायचा. पांढऱ्यापुढे प्रत्येक बेज आपली जात सांगतो. शिल्लक राहिलेलं एखादं कौल आणि जोत्याच्या दगडाची कपची अंगणात ठेवा, पट्ट्या त्यांच्यावर टेकवा. चाळीसपैकी पंचवीस-तीस तिथल्या तिथे बाद होतात.

उरलेल्यांचा निकाल ऊन लावतं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण इंटरनेटवर रंगाविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांत बसून लिहिलेलं असतं. त्यात म्हणतात, उत्तरेच्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही, तिथे निळसर उजेड असतो, म्हणून तिथे जास्त ऊबदार रंग घ्या. आपल्याकडे हे अर्धंच खरं. महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. कराडच्या अक्षांशावर तो साधारण ९-१० मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. या दोन तारखांच्या मधे भर दुपारीही सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतंच. उलट दक्षिणेच्या भिंतीला हिवाळ्यात दिवसभर ऊन. डिसेंबरात दुपारचा सूर्य तिथे जेमतेम ४९ अंशांवर असतो, त्यामुळे छज्जाची सावली भिंतीवर फार खाली येत नाही.

तुमचा मामला मात्र पश्चिमेचा आहे. घर लोक बघणार ते रस्त्यावरून, आणि बहुतेक वेळा दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान, म्हणजे ऊन थेट भिंतीवर पडलेलं असताना. पाचनंतरच्या उन्हात स्वतःचाच पिवळा-नारिंगी असतो. साध्या क्रीमवर तो पडला की भिंत अंड्याच्या बलकासारखी पिवळी होते. आईंना जो क्रीम हवाय तो सकाळी दहा वाजता सावलीत बघितलेला क्रीम आहे, हे त्यांना सांगून पटणार नाही. त्याचा नमुन्याचा एक फळा रंगवून संध्याकाळी समोर ठेवा, पटेल.

भर उन्हात दुसरी गोष्ट होते ती म्हणजे रंग फिका पडल्यासारखा दिसतो. उडून जात नाही, नुसता उजळतो. घराच्या आत जो रंग गडद बिस्किटी वाटतो तो बाहेर बदामी होतो, बदामी असतो तो मोतिया आणि मोतिया असतो तो सरळ पांढरा. म्हणून दीड-दोन घरं गडद. गंमत अशी की उजळतानाच पिवळेपणा मात्र वाढतो, कारण क्षेत्र मोठं असलं की रंगाचा जोरही मोठा दिसतो. फिका आणि पिवळा, अशा दोन्ही बाजूंनी क्रीम अडचणीत येतो. काळ्याचा अंश असलेला मातकट रंग उजळला तरी पिवळा भडकत नाही, हे त्याचं खरं सामर्थ्य.

गडदपणा आकड्यात मोजता येतो. शेडच्या माहितीत काही कंपन्या एलआरव्ही देतात, म्हणजे पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत येतो. काळा शून्याजवळ, आदर्श पांढरा १००. ऑफ-व्हाइट आणि क्रीम साधारण ७० ते ८५, बेज-बदामी ५५ ते ६५, खाकी चाळीसच्या आसपास. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला मी ५५ ते ६२ म्हणेन. त्याच्या वर गेलात तर उन्हात डोळे दिपतील, मोबाइलमध्ये घराचा फोटो काढलात तर भिंत कोरी येईल. पन्नासच्या बऱ्याच खाली गेलात तर भिंत तापेल. हा आकडा उजेडाचा आहे, उष्णतेचा नव्हे, पण ढोबळ अंदाज त्यावरून येतो. कराडच्या एप्रिलमध्ये पश्चिमेची खोली रात्री दहापर्यंत धगधगत असते, तिला गडद रंगाचा आणखी बोजा नको. जास्त तापणारी भिंत जास्त प्रसरण पावते आणि गिलाव्यातल्या केसासारख्या भेगा तिथेच आधी रंगावर उमटतात.

आता फळा कसा करायचा. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा निर्णय यावर अवलंबून आहे आणि नेमकं इथेच लोक हात आखडता घेतात. भिंतीवर चौकोन मारून बघू नका. नव्या गिलाव्याच्या सिमेंटी राखाडी रंगात कुठलाही बेज सुंदरच दिसतो, आणि शेजारी शेजारी चार चौकोन मारले की ते एकमेकांना बिघडवतात. दोन बाय दोन फुटांचे सिमेंट बोर्डाचे तुकडे घ्या. प्लाय चालेल, पण त्याचा गुळगुळीतपणा भिंतीशी जुळत नाही. त्यावर आधी प्रायमरचा हात, वाळू द्या, मग रंगाचे दोन हात, त्याच रोलरने ज्याने भिंत होणार आहे. चारी कडांना दोन-तीन बोटं प्रायमरची पांढरी पट्टी मोकळी ठेवा, म्हणजे मागची भिंत डोळ्याला फसवत नाही. पाठीमागे शेडचा कोड लिहा. पुढे लिहिलात तर घरातले लोक रंगाऐवजी नावाला मत देतात.

तीनच फळे करा: एक तुमच्या मनातला, एक त्याहून एक घर गडद आणि एक त्याच गडदपणाचा पण जास्त राखाडी. ओला रंग बघून कुणी घाबरू नये. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळल्यावर खाली बसतं. निदान एक रात्र जाऊ द्या. मग फळा पोर्चखाली कौलांजवळ उभा धरा, आडवा नाही. आडव्या फळ्यावर आकाशाचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच, आणि जमलं तर ढगाळ दिवशी एकदा. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा, हातभर अंतरावरून नव्हे. एक फळा उत्तरेच्या बोळातही टेकवा. शेजारी केळी किंवा आंबा असेल तर पावसाळ्यात त्या भिंतीवर हिरवा उजेड पडतो आणि पिवळसर रंग तिथे लिंबू होतो. दर्शनी भिंतीवर जो जिंकला तो बोळात अगदीच वाईट दिसत नाही ना, एवढंच तिथे पाहायचं. प्रत्येक दिशेला वेगळी शेड देण्याचा खटाटोप करू नका, घर कोपऱ्यावर फाटल्यासारखं दिसतं.

आता डब्याच्या आत काय पडतं ते बघू. दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनमधून डबा निघतो तेव्हा झाकणावर स्टिकर असतो, त्यावर कुठले कलरंट, म्हणजे रंगद्रव्यं, किती पडले ते कोडमध्ये छापलेलं असतं. दुकानदाराला सरळ विचारा, यातला पिवळा ऑक्साइडचा आहे का. चांगला बदामी-मातकट बहुतेक वेळा पिवळा ऑक्साइड, थोडा लाल ऑक्साइड आणि काळा, एवढ्यावर बनतो. पिवळा आणि लाल ऑक्साइड ही लोखंडाचीच संयुगं आहेत. उन्हानं ती उडत नाहीत आणि सिमेंटचा क्षार त्यांना खात नाही. भडक पिवळे, पीच आणि गुलाबी आणण्यासाठी जे सेंद्रिय कलरंट वापरतात त्यांतले पुष्कळसे बाहेरच्या उन्हात फिके पडतात. आणि ते सारखे पडत नाहीत, पश्चिमेची भिंत आधी जाते, छज्जाखालचा पट्टा मूळ रंगाचाच राहतो. काही शेड कंपन्या स्वतःच 'फक्त आतील भिंतींसाठी' म्हणून सांगतात. महागातला डबा घेतला म्हणून कच्चा कलरंट पक्का होत नाही, हे लक्षात ठेवा. अल्टिमा, वेदरकोट, एक्सेल, वेदरशील्ड या बाहेरच्या रंगांतलं काय घ्यायचं यावर लोक तासतास वाद घालतात. त्या वादातला निम्मा वेळ स्टिकर वाचण्यात घालवला तर जास्त फायदा होईल.

आपल्या जुन्या लोकांना हे डबे नसतानाही जमलेलं होतं. चुन्यात रामरज मिसळून पिवळसर भिंत आणि खालून हात-दीड हात गेरूचा पट्टा, ही योजना गावोगाव होती. दोन्ही मातीचेच रंग, म्हणजे पुन्हा लोखंडाचं ऑक्साइडच. गेरूचा पट्टा शोभेचा तर होताच, पण पागोळ्यांचं पाणी अंगणात आपटून मातीचे शिंतोडे उडतात ते त्यात जिरून जायचे. कुणाला पांढरंशुभ्र हवं असलं की चुन्यात नीळ टाकायची, आणि ती जरा जास्त पडली की घर आकाशी व्हायचं. मुंबईचा राजाबाई टॉवर बघा, १८७८ साली पुरा झाला, कुर्ल्याच्या पिवळसर दगडात. इतक्या वर्षांचा पाऊस आणि शहराची धूळ अंगावर घेऊनही तो दगड ऊबदार दिसतो, कारण त्याचा पिवळा मातकट आहे आणि कुठेही सपाट एकसारखा नाही. पणजीच्या फोंतेन्यश भागातल्या घरांचे पिवळे-तांबडेही त्याच घराण्यातले, फक्त तिथे कडांना पांढऱ्या पट्ट्यांची चौकट आहे. हे सांगतोय ते जुनं ते सोनं म्हणून नव्हे. तुमच्या आईंना जो 'क्रीम' आठवतोय तो बहुधा रामरजवाला चुना असणार, आणि तो डब्यातल्या क्रीमपेक्षा मी सुचवतोय त्या मातकट रंगाला जास्त जवळचा आहे. हा मुद्दा घरात वापरून बघा.

मळका दिसण्याबद्दल. तुमच्या भागात तीन प्रकारचा मळ येतो. एक रस्त्याची धूळ, तपकिरी-राखाडी. ती मातकट रंगावर जवळजवळ दिसत नाही, ऑफ-व्हाइटवर लगेच दिसते. दुसरा उसाच्या हंगामातला, पाचट पेटवलं की काळ्या राखेची पिसं उडत येतात, गुऱ्हाळ किंवा कारखाना जवळ असेल तर आणखी. ती गुळगुळीत भिंतीवरून पावसानं धुऊन जातात, खरबरीत टेक्स्चरमध्ये अडकून बसतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टेक्स्चर नको, कितीही आग्रह झाला तरी. हौस असेल तर पोर्चच्या आतल्या एका भिंतीला करा. तिसरा मळ घराचा स्वतःचा, कठड्यावरून आणि छज्जांच्या कडेवरून ओघळणाऱ्या काळ्या रेघा. त्या कुठल्याही रंगावर येतात आणि रंगाचा डबा बदलून जात नाहीत. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार आहे का, आणि छज्जाच्या खाली कडेपासून दोन बोटं आत पाणी तोडणारी खाच आहे का, हे आत्ता बघा. नसेल तर परांची बांधलेली असतानाच गवंड्याकडून करून घ्या. नैऋत्येचा पाऊस तुमच्या दर्शनी भिंतीलाच झोडपणार आहे, तेव्हा या खाचेचं मोल महागड्या रंगापेक्षा जास्त.

पुढच्या बाजूला जोत्याचा दगड आहे म्हणून तिथे शिंतोड्यांची काळजी नाही. बाजूला आणि मागे जोतं सिमेंटचंच असेल तर तिथे गडद तपकिरी पट्टा घ्या, खिडक्यांच्या कॉफीच्या जवळ जाणारा. जमिनीपासून दोन फूट पुरे. दगडाला मात्र रंग लावू नका, चकाकणारं लॅकरही नको. लॅकर उन्हात पिवळं पडतं आणि मग ते खरडत बसावं लागतं.

चकाकीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पेंटर विचारेल. पूर्ण मॅट गिलाव्याचे उंचसखल भाग लपवतो पण धूळ धरतो. जास्त शीन धूळ सोडते पण तिरप्या उन्हात गिलाव्याची प्रत्येक लाट दाखवते, आणि तुमची भिंत पश्चिमेची असल्याने तिरपं ऊन रोजचंच. हलकी शीन घ्या. शीन वाढली की तीच शेड जरा वेगळी दिसते, म्हणून फळा रंगवलात त्याच फिनिशचा डबा आणा.

मुलाच्या ग्रेबद्दल. ग्रे वाईट नाही, शहरात काचेच्या इमारतीशेजारी तो शोभतो. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ राखाडी, दगड राखाडी, रस्ता राखाडी. त्यात थंड ग्रे घर रंगवायचं राहून गेल्यासारखं, नुसत्या सिमेंटचं दिसतं. मुलाला कंपाउंडची भिंत द्या. तिथे काळ्या दगडाच्या जवळ जाणारा गडद ऊबदार ग्रे छान बसेल, जोत्याशी नातंही जोडेल. गेटला आणि जिन्याच्या रेलिंगला काळा मॅट. खिडक्यांच्या ग्रिलला कॉफीच ठेवा, काळी केलीत तर खिडकीत दोन रंग होतील. एकूण घराला तीन रंग पुरेत: भिंत, पट्टे आणि गडद. चौथा आला की दर्शनी बाजूचं फर्निचरचं दुकान होतं. हल्ली थ्रीडी चित्रात दिसतो तो उभा लाकडी पॅनेल आणि नारिंगी चौकोन, तो चित्रातच राहू द्या.

आता दिवाळीचं. पावसाळा संपून महिनाही झालेला नसतो आणि सगळ्यांना घर रंगवून हवं असतं. भिंत वरून कोरडी दिसते, आत ओल असते. त्यावर इमल्शनचा थर बसला की ओल अडकते आणि एप्रिलच्या उन्हात फुगे येऊन पोपडे सुटतात. गिलावा नवा असल्याने किमान २८ दिवस तर झालेच पाहिजेत, शिवाय त्यानंतरची कोरडी हवा हवी. खात्री करायची सोपी रीत अशी: दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं किंवा खालची भिंत गडद झालेली असली तर थांबा. पश्चिमेची आणि स्वयंपाकघराच्या मोरीबाहेरची भिंत मुद्दाम तपासा. पांढरे क्षार फुललेले दिसले तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, ते पुन्हा आत जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा कराडकडे बाहेरच्या रंगाचा उत्तम काळ. यंदाच्या दिवाळीला दाराला तोरण आणि आकाशकंदील पुरे.

बाहेरून सरसकट पुट्टी मारायचा आग्रह होईल, तो मानू नका. पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर पुट्टीचा थर हा दुबळा थर ठरतो, सुटताना रंगाला घेऊन सुटतो. भेगा भरा, खळगे भरा, बाहेरचा प्रायमर मारा आणि गिलाव्याचा पोत दिसला तर दिसू द्या. मातकट रंगावर तो छानच दिसतो.

खरेदी करताना एकदाच करा. गुळगुळीत गिलाव्यावर दोन हातांना ढोबळमानाने लिटरला पन्नासेक चौरस फूट धरा. तुमची बाहेरची भिंत खिडक्या वजा जाता अडीच हजार चौरस फूट असेल तर ५० लिटर. २० लिटरच्या तीन बादल्या एकाच दिवशी, एकाच मशीनमधून करून घ्या. पेंटरला सांगा, भिंतीचा एक पूर्ण भाग संपेपर्यंत नवी बादली उघडायची नाही, आणि नवी वापरायला घेण्याआधी जुन्यातला उरलेला रंग तिच्यात ओतून ढवळायचा. दोन बादल्यांत उन्नीस-बीसचा फरक पडतोच, तो भिंतीच्या मधोमध उमटायला नको. उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून सावलीत ठेवा आणि स्टिकरचा फोटो काढून ठेवा, स्टिकरची छपाई वर्षभरात पुसट होते.

राहिली गच्चीवरची काळी टाकी. तुमच्या फोटोत ती पोर्चच्या बरोबर वर दिसतेय. प्लास्टिकवर रंग टिकत नाही, पोपडे येतात, तेव्हा तो प्रयोग नको. चार हात मागे सरकवता आली तर रस्त्यावरून दिसणार नाही. प्लंबर अजून येणं-जाणं करतोय तोवर विचारून घ्या.